वसंतातली हलकी शाल: नमुना निवडण्याआधी लड मोजा

प्रश्न: मला सुलट-उलट टाके, दोन टाके एकत्र विणणं आणि धागा पुढे घेऊन जाळी पाडणं येतं. आजवर मफलर, टोप्या आणि दोन स्वेटर विणलेत. आता वसंतात सकाळ-संध्याकाळ खांद्यावर टाकता येईल अशी हलकी शाल विणायची आहे. माझ्याकडे ७० टक्के मेरिनो लोकर आणि ३० टक्के रेशीम अशी एक लड आहे. १०० ग्रॅमची, ४०० मीटर, हाताने रंगवलेली, मोतिया रंगावर जांभळे-पिवळे ठिपके. तीन नमुने निवडून ठेवलेत. पहिला मानेच्या मध्यापासून सुरू होणारा त्रिकोण: अंग साधं, शेवटी रुंद जाळीची किनार, धागा ४१० मीटर. दुसरा अर्धगोल: सगळीकडे पानांची जाळी, अगदी बारीक धागा, ७५० मीटर. तिसरा एका कोपऱ्यातून सुरू होणारा तिरका त्रिकोण: मधूनमधून छिद्रांचे पट्टे, ४२० मीटर, लांब कड १५० सेंटिमीटर. मन पहिल्यावर आहे, तिसरा फारच साधा वाटतो. पूर्वी एक जाळीची शाल सुरू केली होती, पण टाक्यांची संख्या जुळेना म्हणून सोडून दिली. कुठला नमुना घेऊ? आणि धुतल्यावर ठिपक्यांचा रंग पसरेल का?

उत्तर: तिसरा घ्या. तुमच्या लडीला तोच शोभेल आणि तोच पुरेल. पहिला पुढच्या शालीसाठी जपून ठेवा, दुसऱ्याला वेगळाच धागा लागेल.

नमुन्याचा फोटो बघून मन बसतं, त्यात गैर काही नाही. पण फोटोतली शाल ज्या धाग्याची आहे, तो धागा आपल्याकडे नसतो. तुमच्याकडे लड आधीच आहे, म्हणून सुरुवात लडीपासून करा. तिचा रंग कसा, तंतू कसला आणि मीटर किती, एवढं नीट पाहिलं की नमुना बराचसा ठरलेलाच असतो.

आधी रंग. जाळीचं सौंदर्य छिद्रं आणि कललेले टाके यांच्या उजेड-सावलीत असतं. ठिपकेदार धाग्यात डोळा आधी ठिपका टिपतो, मग टाका. पहिल्या नमुन्याची रुंद किनार या लडीत विणलीत, तर एवढ्या कष्टाची पानं-फुलं दोन हातांवरूनही ओळखू येणार नाहीत. अशा किनारीला एकरंगी किंवा एकाच रंगाच्या हलक्या-गडद छटांचा धागा हवा. ठिपक्यांना साधं अंग आणि मध्ये छिद्रांची सरळ रांग छान दिसते, कारण साध्या विणीत रंगाला मोकळी जागा मिळते. तिसऱ्या नमुन्याचा साधेपणा तुम्हाला खटकतोय, पण या लडीवर तोच त्याचा मोठा गुण आहे.

आता मीटर. नमुन्यात ४२० लिहिलेत, तुमच्याकडे ४०० आहेत. त्यातले १० टक्के हातचे राखायचे, म्हणजे खरे विणायला ३६० मीटर. वाचायला ही तूट मोठी वाटते. पण त्रिकोणाला लागणारा धागा त्याच्या क्षेत्रफळावर ठरतो आणि क्षेत्रफळ बाजूच्या वर्गाप्रमाणे बदलतं. ३६० ला ४२० ने भागून वर्गमूळ काढलं तर ०.९२ ते ०.९३ येतं. म्हणजे १५० सेंटिमीटरची कड सुमारे १३९ सेंटिमीटर होईल, बाकी काही बिघडणार नाही. कोपऱ्यातून वाढत जाणारी शाल जिथे धागा संपत येईल तिथे थांबवता येते. शेवटचा पट्टा पुरा करायचा आणि टाके बंद करायचे.

पहिल्या नमुन्यात ही सोय नाही. मानेपासून सुरू होणाऱ्या त्रिकोणात साधारणपणे दर दोन ओळींमागे ४ टाके वाढतात. ९ टाक्यांपासून निघालं, अंगाच्या १४० ओळी विणल्या की सुईवर २८९ टाके होतात. त्यापुढे किनारीच्या २६ ओळी धरल्या तर शेवटची ओळ ३४१ टाक्यांची. ओळींच्या हिशेबात किनार म्हणजे शालीचा सहावा हिस्सासुद्धा नाही, पण धाग्याच्या हिशेबात ती सुमारे २८ टक्के आहे. निम्म्या ओळी झाल्या म्हणून निम्मा धागा गेला असं इथे नसतं, तेव्हा गेलेला असतो फक्त पाव. बहुतेक जणी इथेच फसतात. गुंडा भरलेला दिसतो, अंग आणखी थोडं वाढवलं जातं आणि किनारीच्या मध्यात धागा संपतो.

याहून मोठी अडचण शिकण्याच्या क्रमाची आहे. अशा नमुन्यात साधं विणकाम सुरुवातीला, ओळी आखूड असताना येतं. अवघड जाळी शेवटी, ओळी सर्वांत लांब असताना. जी गोष्ट तुम्हाला एकदा जमली नव्हती तिचा पहिला सराव तुम्ही ३०० टाक्यांच्या ओळीवर करणार, आणि तिथे चुकलेला एक टाका शोधायला अख्खी ओळ पुन्हा मोजावी लागणार. तिसऱ्या नमुन्यात छिद्रांचा पहिला पट्टा २०-३० टाक्यांवरच येतो. चुकलं तर दोन मिनिटांत उसवून पुन्हा विणता येतं, आणि पट्टे रुंद होईपर्यंत हात बसलेला असतो. अशा तिरक्या त्रिकोणात बहुधा एका कडेला दोन टाके वाढवतात आणि दुसऱ्या कडेला एक घटवतात, म्हणजे दोन ओळींमागे एकच टाका वाढतो. ३६० मीटरमध्ये तुमची सर्वांत लांब ओळ १६० टाक्यांच्या आसपास राहील.

दुसऱ्या नमुन्याबद्दल थोडक्यात. त्यासाठी १०० ग्रॅममध्ये ८०० मीटरच्या आसपास बसणारा धागा लागतो. तुमचा धागा मीटरमागे त्याच्या दुप्पट वजनाचा आहे, आणि ७५० मीटर धरले तरी तुमच्याकडे त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त आहे. शिवाय त्यात मागच्या बाजूनेही जाळी पडते का, ते बघा. ज्या नमुन्यात फक्त दर्शनी बाजूला जाळी असते, त्यात परतीची ओळ विश्रांतीची आणि मोजणीची असते. दोन्ही बाजूंनी जाळी असली की ती विश्रांती जाते आणि उलट टाक्यांतून घट करावी लागते.

तुम्ही चौकोनी स्टोलचा विचार केला नाहीत, पण कुणीतरी सुचवेल म्हणून तोही हिशेब देते. तुमच्या धाग्याच्या एका टाक्याला ४ मिलिमीटरच्या सुईवर सुमारे सव्वा ते दीड सेंटिमीटर धागा लागतो. ४५-५० सेंटिमीटर रुंदीच्या स्टोलला साधारण ९६ टाके घालावे लागतील, आणि एका लडीत त्याची लांबी जेमतेम १०५-११० सेंटिमीटर भरेल. ती ना धड शाल, ना धड मफलर. तेवढंच कापड त्रिकोणात आलं तर गळ्याभोवती फिरतं आणि पाठही झाकतं. स्टोल हवाच असेल तर एकाच रंगवणीच्या दोन लडी लागतील. हाताने रंगवलेल्या दोन लडी कधीच तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून दर दोन ओळींनी एकीतून दुसरीत जायचं.

शाल हलकी होणं धाग्याच्या बारकाईवर जेवढं अवलंबून असतं, तेवढंच सुईवर. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या सर्वांत तलम शाली अंगठीतून ओढून काढता येतात, ती त्या हाताने कातलेल्या बारीक धाग्याची करामत आहे. आपल्याला धागा बदलायचा नाही, म्हणून सुई बदलायची. १०० ग्रॅममध्ये ४०० मीटर असलेल्या धाग्यावर लेबल बहुधा २.५ ते ३.२५ मिलिमीटरची सुई सांगतं. ते माप मोज्यांसाठी बरोबर, शालीसाठी घट्ट. तुम्ही ४ पासून सुरू करा. तुमचा हात मुळात घट्ट असेल तर ४.५.

चाचणीचा तुकडा विणल्याशिवाय शाल सुरू करू नका. शाल अंगात बसवायची नसते, मग तुकडा कशाला, असं म्हणतात. तुकडा दोन गोष्टी सांगतो: कापड कसं पडणार आणि धागा किती खाणार. ३० टाके घाला, दोन्ही बाजूंनी सुलट विणत १८-२० ओळी करा, मग एक छिद्रांची ओळ (दोन टाके एकत्र, धागा पुढे, हेच शेवटपर्यंत) आणि पुन्हा तेवढ्याच ओळी. टाके बंद करण्याआधी शेवटच्या ४ ओळी उसवा, उसवलेला धागा न ताणता मोजा आणि १२० ने भागा. हा तुमच्या हाताचा, तुमच्या धाग्याचा दर टाक्यामागचा आकडा. माझ्या सव्वा-दीड सेंटिमीटरपेक्षा तोच खरा माना. मग त्या ओळी पुन्हा विणून टाके सैल बंद करा, तुकडा भिजवा, टाचण्या लावून वाळवा आणि तळहाताच्या कडेवर टाका. तो दोन्ही बाजूंनी लोळून खाली पडला पाहिजे. पुठ्ठ्यासारखा उभा राहिला तर सुई अर्ध्या मिलिमीटरने मोठी घ्या. उलट, टाके बेढब लांबट दिसत असतील आणि बोटाने ढकलल्यावर सरकून तसेच राहत असतील, तर सुई मोठी झाली. या तुकड्याला २० मीटरच्या आसपास धागा लागतो. तो उसवून वापरता येतो, फक्त धुतलेला धागा कुरळा होतो, म्हणून त्याची सैल लडी करून ओली करायची आणि टांगून वाळवायची.

लोकर आणि रेशीम हा मेळ शालीला उत्तम. लोकरीला लवचिकपणा असतो, ओली ताणून वाळवली की जाळी उघडी राहते. रेशमाला वजन आणि सुळसुळीतपणा असतो, त्यामुळे शाल अंगाला धरून पडते. निव्वळ सुती धागा ताणून वाळवला तरी उघडी जाळी तशी टिकत नाही, उलट स्वतःच्या वजनाने शाल लांबत जाते. सुती शालीला म्हणूनच मोठ्या छिद्रांची, साधी वीण द्यावी. अ‍ॅक्रिलिक पाण्याने ताणून बसत नाही, त्याला वाफ द्यावी लागते, आणि इस्त्री टेकली तर ते कायमचं चपटं आणि निर्जीव होतं. मोहेर-रेशमाचा केसाळ धागा मोठ्या सुईवर ढगासारखी हलकी शाल देतो, पण केस एकमेकांत गुंतत असल्याने उसवणं फार जिकिरीचं. पहिल्या जाळीसाठी तो नकोच.

सुईसुद्धा धागा बघून घ्यावी. रेशमामुळे तुमचा धागा निसटता आहे, म्हणून लाकडी किंवा बांबूची गोल सुई बरी, दोन टोकांमध्ये ८० सेंटिमीटरची दोरी असलेली. टोक मात्र निमुळतं हवं, बोथट टोकाने दोन टाके एकत्र उचलताना धागा फाटतो.

आता मागच्या वेळी संख्या का जुळली नाही, त्याकडे येऊ. जाळीचा सगळा हिशेब एवढाच असतो की धागा पुढे घेतला की एक टाका वाढतो आणि दोन टाके एकत्र विणले की एक घटतो. एका पुनरावृत्तीत दोन्ही सारखे असले की संख्या तीच राहते. चुकतं ते बहुतेक वेळा धागा पुढे घ्यायचं विसरल्यामुळे, आणि त्यातही पुनरावृत्तीच्या शेवटी. दोन पुनरावृत्तींमध्ये खुणेची कडी असेल तर कडीलगतचा वेढा, म्हणजे पुढे घेतलेला धागा, तिच्याखालून पलीकडे सरकतो. मग एका घरात एक टाका कमी आणि शेजारच्यात एक जास्त दिसतो. चूक नसताना आपण उसवायला बसतो. म्हणून परतीच्या ओळीत आधी कडीजवळचा वेढा कुठे आहे ते बघायचं आणि मग मोजायचं.

वेढा खरोखरच विसरला असेल आणि पुढच्याच ओळीत लक्षात आलं, तर उसवू नका. त्या जागी दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईवर पुढून मागे उचला आणि नेहमीसारखा विणा. मागच्या बाजूने विणलात तर त्याला पीळ पडतो आणि छिद्र बुजतं. हे छिद्र शेजाऱ्यांपेक्षा किंचित लहान दिसेल, धुऊन ताणल्यावर कळणारही नाही.

मुख्य शालीआधी उरलेल्या कुठल्याही लोकरीवर लाटांच्या विणीचा एक तुकडा करा. ही वीणही शेटलंडचीच, १८ टाक्यांची आणि ४ ओळींची. ४२ टाके घाला, दोन्ही कडांचे ३-३ टाके नेहमी सुलट. पहिली ओळ सुलट, दुसरी उलट. तिसऱ्या ओळीत: दोन टाके एकत्र असं ३ वेळा, मग धागा पुढे आणि एक सुलट असं ६ वेळा, मग पुन्हा दोन टाके एकत्र ३ वेळा. चौथी ओळ सगळी सुलट. १८ पैकी १२ टाक्यांचे ६ झाले, उरलेल्या ६ टाक्यांत ६ वेढे मिळून १२, बेरीज पुन्हा १८. चारपैकी एकाच ओळीत जाळी आहे, आणि चूक झाली की लाट तिथे मोडलेली डोळ्यांना दिसते, मोजायच्या आधीच. ४० ओळी झाल्या की मागच्या वेळची भीती बरीच ओसरेल.

शालीत प्रत्येक छिद्रांचा पट्टा सुरू करण्याआधीच्या साध्या ओळीत एक आधाराचा धागा ओवा. तो गुळगुळीत, बारीक, वेगळ्या रंगाचा सुती धागा असावा. बोथट सुईने सुईवरच्या प्रत्येक टाक्यातून काढायचा, खुणेच्या कड्यांमधून नाही, नाहीतर कडी तिथेच अडकून बसते. पट्टा बिघडला तर सुई काढून त्या ओळीपर्यंत बिनधास्त उसवता येतं, टाके त्या धाग्यावर थांबतात.

नमुन्याचा कागद हातात घेऊन हेही तपासा. धागा मीटरमध्ये दिलाय की नुसते गुंडे सांगितलेत? गुंड्यांचा आकडा काही उपयोगाचा नाही. टाक्यांचं माप धुतल्यानंतरचं आहे का? प्रत्येक पट्ट्यानंतर सुईवर किती टाके असायला हवेत ते लिहिलंय का? तुमच्या अडचणीसाठी हे सर्वांत महत्त्वाचं. आलेख (चौकटींत खुणांनी दाखवलेली वीण) असेल तर दर्शनी बाजूच्या ओळी उजवीकडून डावीकडे आणि मागच्या बाजूच्या डावीकडून उजवीकडे वाचायच्या. पुष्कळ आलेखांत मागच्या ओळी दाखवतच नाहीत, त्या कशा विणायच्या ते बाजूला एका वाक्यात लिहिलेलं असतं. ते वाक्य नजरेतून सुटलं की सगळी वीण वेगळीच दिसते.

कडेचा पहिला टाका न विणता सरकवायची सवय स्वेटरमुळे लागली असेल, तर ती इथे मोडा. सरकवलेल्या टाक्यांची कड दोन ओळींना एकच टाका धरते, ती आखडते आणि शाल ताणताना लांब कड दोरीसारखी ओढली जाते. नमुन्यात सरकवायला सांगितलं असलं तरी पहिला टाका सैल विणलेला बरा.

शेवटच्या तिसऱ्या भागात स्वयंपाकघरातला वजनकाटा जवळ ठेवा. दोन ओळींचं वजन एक-दीड ग्रॅम भरतं, ते घरगुती काट्यावर नीट कळत नाही, म्हणून १० ओळींआधी आणि नंतर गुंड्याचं वजन करा. १० ग्रॅम उरले की विणणं थांबवून टाके बंद करायचे, आणि तेही लवचिक पद्धतीने. दोन टाके सुलट विणा, दोन्ही डाव्या सुईवर परत घ्या, मागच्या बाजूने एकत्र विणा. उजव्या सुईवर एक उरेल. पुढचा एक सुलट विणा, पुन्हा दोन्ही परत, पुन्हा एकत्र. या ओळीला उजव्या हातात ४.५ किंवा ५ मिलिमीटरची सुई धरा. इथे हात घट्ट पडला तर आधीची सगळी मेहनत कडेशी अडते आणि शाल टोकदार होत नाही. कडेच्या लांबीच्या तीन-चार पट धागा यात जातो, तेवढा १० ग्रॅममध्ये आरामात निघतो.

सुईवरून उतरलेली शाल सुरकुतलेल्या फडक्यासारखी दिसेल, त्याने खट्टू होऊ नका. कोमट पाण्यात २०-३० मिनिटं बुडवून ठेवा. पिळू नका, आणि एका टोकाने उचलू नका, ओली लोकर वजनाने ओघळते. दोन्ही हातांवर घेऊन टॉवेलमध्ये गुंडाळा आणि दाबून पाणी काढा. गादीवर किंवा फोमच्या चटईवर पसरा, आधी तीन कोपरे टाचा, मग कडेने दर ४-५ सेंटिमीटरवर एक टाचणी. टाचण्या न गंजणाऱ्या हव्यात. हात लावला की गार लागत नाही इतकी वाळू द्या. आत ओल राहिली तर टाचण्या काढताच शाल आखडते. नीट वाळलेलीही थोडी आत येते, म्हणून हव्या त्या मापापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त ताणा.

रंगाचं उत्तर तुमच्या चाचणीच्या तुकड्यात आहे. तो ओला असतानाच पांढऱ्या सुती फडक्यात गुंडाळून तासभर ठेवा. फडकं कोरं राहिलं तर निर्धास्त व्हा. जांभळा उतरला तर विणायच्या आधी लड तीन-चार ठिकाणी सैल बांधून थंड पाण्यातून धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. पिवळा आणि जांभळा एकमेकांत मिसळले की मातकट रंग येतो, म्हणून अशी लड भिजत ठेवून विसरू नका. शालीलाही मग कोमटऐवजी थंड पाणी, पाच-दहा मिनिटंच, आणि टॉवेलमध्ये गुंडाळताना घड्यांच्या मध्ये पांढरं फडकं.